एकाच पडद्यावर दोन विंडोज: सीमलेस मोड चालत नसेल तेव्हा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिकमध्ये जुनं सॉफ्टवेअर सुटत नाही अशी मंडळी पुष्कळ आहेत. लग्नपत्रिका नि हँडबिलं करणाऱ्या डीटीपीवाल्यांचं पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्ट, सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये मशीनबरोबर आलेला प्रोग्रॅम, कुणाचा पंधरा वर्षांचा हिशेब. नवा संगणक आला की जुनी विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेल्या दुसऱ्या संगणकात, जाते आणि पहिल्याच आठवड्यात मागणी येते: "दोन डेस्कटॉप नकोत, सगळं एकत्र दिसू दे." ते एकत्र दिसताना जे बिघडतं त्यावरचे हे प्रश्न. अशी मशीन चालवायला बहुतेक जण व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर वापरतात, म्हणून भर त्यावर आहे. व्हीएमवेअर आणि मॅकसाठी प्रश्न १६ आणि १७ पाहा. 'होस्ट' म्हणजे तुमचा खरा संगणक, 'गेस्ट' म्हणजे त्याच्या आत चालणारी जुनी सिस्टिम.

१. सीमलेस मोड म्हणजे नक्की काय?

गेस्टचा डेस्कटॉप लपवून फक्त त्यातल्या उघड्या खिडक्या तुमच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर दाखवणं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ही सोय २००७ सालच्या १.५ आवृत्तीपासून आहे. व्हीएमवेअर त्याला युनिटी म्हणतं, मॅकवरचं तसंच सॉफ्टवेअर पॅरलल्स कोहेरन्स म्हणतं.

आतली युक्ती समजून घ्या, पुढचे निम्मे प्रश्न त्यानेच सुटतात. व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक खिडकी वेगळी काढून आणत नाही. गेस्टचा आख्खा पडदा होस्टवर पसरतो आणि जिथे खिडकी नाही तिथे त्याला भोकं पाडतो, टेबलावर कागद अंथरून मधले चौकोन कापून टाकावेत तसं. कुठे कापायचं हे सांगणारा एक छोटा कार्यक्रम गेस्टच्या आत सतत चालू असावा लागतो. तो बंद असेल तर सीमलेस नाही.

२. सुरू कसा करायचा? माझ्या लॅपटॉपला उजवं कंट्रोल बटणच नाही.

होस्ट की धरून एल दाबा, किंवा 'व्ह्यू' मेनूतून 'सीमलेस मोड' निवडा. विंडोजवर होस्ट की म्हणजे उजवं कंट्रोल आणि मॅकवर डावं कमांड. बऱ्याच छोट्या लॅपटॉपमधून उजवं कंट्रोल गायब झालं आहे. तसं असेल तर आधी व्हर्च्युअलबॉक्सच्या मुख्य खिडकीत 'फाइल', 'प्रेफरन्सेस', 'इनपुट' इथे जाऊन होस्ट की बदला. उजवं ऑल्ट किंवा एफ १२ चालतं. हे सीमलेसमध्ये शिरण्याच्या आधीच करा, नाहीतर बाहेर पडायचं बटणच हाताशी नसेल.

विंडोजच्या चिन्हाचं बटण आणि एल दाबून "पडदा लॉक होतो" अशी तक्रार करणारेही भेटतात. ते बटण वेगळं.

३. मेनूत 'सीमलेस मोड' फिकट दिसतं, क्लिकच होत नाही.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. प्रश्न १ मधला तो आतला कार्यक्रम, म्हणजे गेस्ट ॲडिशन्स, चालू नाही असा याचा सरळ अर्थ आहे.

सीमलेसच्या मागे लागण्याआधी एक साधी चाचणी करा. व्हर्च्युअल मशीन नेहमीच्या खिडकीत चालू ठेवा, 'व्ह्यू' मेनूत 'ऑटो-रिसाइझ गेस्ट डिस्प्ले'वर खूण आहे ना बघा आणि खिडकीचा कोपरा धरून ती मोठी-लहान करा. आतला डेस्कटॉप त्या मापात बसत गेला तर ॲडिशन्स काम करताहेत. आतला पडदा तेवढाच राहिला नि भोवती रिकामी पट्टी आली, तर ॲडिशन्स नाहीत किंवा अर्धवट आहेत. ही चाचणी पास झाल्याशिवाय सीमलेसची कुठलीही सेटिंग चाळण्यात अर्थ नाही.

बसवायच्या अशा: गेस्ट चालू असताना 'डिव्हायसेस' मेनूतून 'इन्सर्ट गेस्ट ॲडिशन्स सीडी इमेज' निवडा. बरेच जण इथेच थांबतात. याने फक्त सीडी 'घातली' जाते. पुढे गेस्टमधल्या 'माय कॉम्प्युटर'मध्ये ती सीडी उघडून सेटअप चालवायचा, ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून, आणि मग गेस्ट रीस्टार्ट करायचा. एक्सपी "या ड्रायव्हरची चाचणी झालेली नाही" अशी ताकीद देते, तिथे पुढे जा. विंडोज ७ ओरॅकलवर विश्वास ठेवायचा का विचारते, तिथे हो म्हणा. नाही म्हटलंत तर सेटअप पूर्ण झाल्यासारखा वाटतो, पण डिस्प्लेचा ड्रायव्हर बसत नाही.

४. ॲडिशन्स रीतसर बसवल्या, रीस्टार्टही केलं. तरी मेनू फिकटच.

व्हर्च्युअलबॉक्स नवा आणि ॲडिशन्स जुन्या असं झालंय का बघा. व्हर्च्युअलबॉक्स अपडेट केला की गेस्टमधल्या ॲडिशन्स आपोआप अपडेट होत नाहीत, पुन्हा चालवाव्या लागतात.

मग मशीन बंद करून 'सेटिंग्ज', 'डिस्प्ले' इथे ग्राफिक्स कंट्रोलर तपासा. एक्सपीला व्हीबॉक्सव्हीजीए, विंडोज ७ आणि पुढच्यांना व्हीबॉक्सएसव्हीजीए, लिनक्सला व्हीएमएसव्हीजीए. दुसऱ्याकडून पेनड्राइव्हवर तयार मशीन आणली असेल तर इथेच गडबड असते. कुणीतरी "हे नवं आहे" म्हणून एक्सपीला व्हीएमएसव्हीजीए लावून ठेवलेलं असतं.

आणि गेस्ट विंडोज ९८ किंवा डॉस असेल तर वेळ घालवू नका. त्यांच्यासाठी गेस्ट ॲडिशन्स नाहीतच, त्यामुळे सीमलेसही नाही. प्रश्न २० मधला मार्ग घ्या.

५. "व्हिडिओ मेमरी अपुरी आहे" असा संदेश येऊन सीमलेस थांबतो.

मशीन पूर्ण शटडाउन करा आणि 'डिस्प्ले'मधला व्हिडिओ मेमरीचा स्लायडर १२८ एमबीपर्यंत ओढा. 'सेव्ह स्टेट' करून (चालू मशीन आहे तशी गोठवून) ठेवली असेल तर हा स्लायडर हलत नाही, शटडाउनच हवं.

कारण सोपं आहे. सीमलेसमध्ये गेस्टचा पडदा तुमच्या मॉनिटरएवढा होतो. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे एका चित्राला जवळपास ८ एमबी. एक्सपीला सुरुवातीला मिळतात १६ एमबी, तेवढ्यात एक मॉनिटर कसाबसा भागतो. डिझाइनसाठी कुणी ३८४० गुणिले २१६० चा मॉनिटर घेतला की एका चित्रालाच ३३ एमबी लागतात. म्हणून "जुन्या मॉनिटरवर चालत होतं, नव्यावर नाही" हे खरं असतं आणि त्यात मॉनिटरचा दोष नसतो.

६. सीमलेस सुरू होतो, पण खिडक्यांच्या मागे काळा पडदा किंवा गेस्टचा वॉलपेपर तसाच राहतो.

भोकं पाडली जात नाहीयेत. गेस्ट लिनक्स असेल तर थेट प्रश्न १४ वर जा. विंडोज गेस्ट असेल तर आधी प्रश्न ४ मधल्या गोष्टी, मग गेस्टमध्ये पडदाभर पसरलेलं काही उघडं आहे का ते बघा. मोठी केलेली खिडकी, स्क्रीनसेव्हर, लॉगिनचा पडदा, विंडोज ८ चा टाइल्सवाला स्टार्ट. यांपैकी काही असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या दृष्टीने सगळा पडदा म्हणजे एकच खिडकी, मग तो कापणार काय? गेस्टमधला स्क्रीनसेव्हर आणि आपोआप लॉक होणं दोन्ही बंद करा.

फक्त खिडकीच्या कोपऱ्यांशी आणि सावलीपाशी वॉलपेपरची पातळ किनार दिसत असेल तर तो बिघाड नाही. कापणी चौकोनी असते, गोल कोपरे तिला जमत नाहीत. गेस्टचा वॉलपेपर काढून एकरंगी पार्श्वभूमी ठेवली की किनार डोळ्यांत खुपत नाही.

७. खाली दोन टास्कबार एकावर एक येतात. एक घालवता येईल का?

गेस्टचा टास्कबार 'ऑटो-हाइड' करा, किंवा ओढून पडद्याच्या वरच्या बाजूला नेऊन ठेवा. मी दुसरं सुचवतो. वर निळा एक्सपीचा पट्टा, खाली नवा. कोण कुठलं हे नवख्या ऑपरेटरलाही लगेच कळतं. विंडोज ११ गेस्ट असेल तर तिचा टास्कबार वर नेता येत नाही, लपवावाच लागतो.

८. सीमलेसमध्ये अडकलो. मेनू नाही, काहीच दिसत नाही, बाहेर कसं यायचं?

होस्ट की आणि एल पुन्हा. जमलं नाही तर होस्ट की आणि होम, त्याने लपलेला मेनू वर येतो. तेही नाही झालं तर व्हर्च्युअलबॉक्सच्या मुख्य खिडकीत मशीनच्या नावावर राइट क्लिक करून बंद करण्याच्या पर्यायांतून 'एसीपीआय शटडाउन' द्या, म्हणजे गेस्ट रीतसर बंद होईल. 'पॉवर ऑफ' शेवटचा उपाय, कारण त्याने न साठवलेलं काम जातं. टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम मारू नका.

९. गेस्टमधली अक्षरं मुंगीएवढी दिसतात. मोठी केली तर धूसर होतात.

होस्टवर १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवणं) असतं, गेस्टला त्याची कल्पना नसते. धूसरपणा टाळायचा तर मोठेपणा गेस्टच्या आतून वाढवा. एक्सपीत डिस्प्ले प्रॉपर्टीज, 'सेटिंग्ज', 'ॲडव्हान्स्ड', 'जनरल' इथे डीपीआय ९६ वरून १२० करा. पण जुन्या प्रोग्रॅमांच्या डायलॉग बॉक्समधली बटणं याने कापली जाऊ शकतात, 'ओके' खिडकीबाहेर जातं. तसं झालं तर परत ९६ करा आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या 'डिस्प्ले' सेटिंगमधला 'स्केल फॅक्टर' वाढवा. थोडं धूसर दिसेल, पण बटण तरी दाबता येईल.

१०. लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडला. गेस्टची खिडकी तिकडे जातच नाही.

गेस्टला दुसरा पडदा आहे हे सांगावं लागतं. मशीन बंद करून 'डिस्प्ले'मध्ये मॉनिटरची संख्या २ करा, व्हिडिओ मेमरी प्रश्न ५ प्रमाणे वाढवा. चालू केल्यावर 'व्ह्यू' मेनूतून दुसरा व्हर्च्युअल स्क्रीन सुरू करा आणि गेस्टमध्येही डेस्कटॉप त्यावर पसरवा.

लॅपटॉप १२५ टक्क्यांवर आणि बाहेरचा मॉनिटर १०० वर असेल तर खिडक्या सरकलेल्या, माउस एकीकडे नि बाण दुसरीकडे असले प्रकार होतात. दोन्हींचं स्केलिंग एकच ठेवा.

११. फाइल 'डेस्कटॉप'वर सेव्ह केली, डेस्कटॉपवर दिसतच नाही. गेली का?

गेली नाही. ती गेस्टच्या डेस्कटॉपवर आहे आणि सीमलेसमध्ये तोच लपवलेला असतो. होस्ट की आणि एल दाबून साध्या खिडकीत या, फाइल तिथे दिसेल.

सीमलेसचा खरा धोका हा आहे. दोन संगणक एक असल्यासारखे दिसतात, पण डिस्क दोन आहेत. 'डिव्हायसेस' मेनूतून एक शेअर्ड फोल्डर बनवा, त्याला 'ऑटो-माउंट' आणि 'मेक पर्मनंट' द्या आणि गेस्टमधल्या प्रत्येक प्रोग्रॅमचं सगळं काम तिथेच साठवायची सवय लावा. बॅकअपही मग एकाच ठिकाणचा घ्यावा लागतो.

१२. एक्सपीतल्या पेजमेकरमधून मराठी मजकूर कॉपी करून नव्या वर्डमध्ये पेस्ट केला, नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं आली.

आधी 'डिव्हायसेस'मध्ये 'शेअर्ड क्लिपबोर्ड' दोन्ही बाजूंनी चालू आहे ना बघा. पण काहीतरी पेस्ट झालं म्हणजे क्लिपबोर्ड चालू आहेच. दोष व्हर्च्युअल मशीनचा नाही. श्री-लिपीसारखे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीचे, नाहीत; त्यांत 'क'च्या जागी आतून एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. दोन खऱ्या संगणकांतही असंच झालं असतं. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढा, आणि मग जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ग्राहकाचं नाव चुकीचं छापून गेलं तर पत्रिका परत छापावी लागते.

याचंच भावंड: "होस्टला मराठी कीबोर्ड लावलाय, गेस्टमध्ये इंग्रजीच उमटतं." गेस्टला फक्त कुठली कळ दाबली एवढंच कळतं, तुमचा लेआउट कळत नाही. इनस्क्रिप्ट किंवा जो लेआउट वापरता तो गेस्टमध्ये वेगळा बसवा, आणि त्या वेळी होस्ट इंग्रजीवर ठेवा.

१३. एक्सेल आणि जुना प्रोग्रॅम शेजारी ठेवले. एकावर क्लिक केलं की गेस्टच्या सगळ्याच खिडक्या पुढे येतात.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये हे असंच राहणार. प्रश्न १ मधला कागद एकच आहे, त्यावरच्या सगळ्या खिडक्या मिळूनच पुढे-मागे होतात. दोन गेस्ट खिडक्यांच्या मधे होस्टची खिडकी घालता येत नाही. ऑल्ट-टॅबमध्येही गेस्ट एकच दिसतो. ऑल्ट-टॅब गेस्टच्या आतच फिरत राहत असेल तर 'इनपुट' सेटिंगमधलं 'ऑटो कॅप्चर कीबोर्ड' काढून बघा.

१४. गेस्ट उबुंटू आहे. ॲडिशन्स आहेत, खिडकीचं माप जुळतं, तरी सीमलेस नीट येत नाही.

कारण वेलँड, म्हणजे लिनक्समध्ये पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा. व्हर्च्युअलबॉक्सचा सीमलेस जुन्या एक्स ११ (एक्सऑर्ग) यंत्रणेवर अवलंबून आहे. उबुंटू २२.०४ किंवा २४.०४ मध्ये लॉगिनच्या वेळी नावावर क्लिक केल्यावर कोपऱ्यात दातेरी चाक येतं, त्यातून 'उबुंटू ऑन एक्सऑर्ग' निवडा. २५.१० पासून उबुंटूने हा पर्याय काढून टाकला आहे. तिथे एक्सएफसीई किंवा मेटसारखा साधा डेस्कटॉप घ्या. खरं तर सीमलेससाठी मी तेच आधी सुचवेन, कारण उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपचा, जीनोमचा, स्वतःचा वरचा पट्टा नि पडदाभर उघडणारं ॲक्टिव्हिटीज मधे येतात.

होस्ट विंडोज ११ आणि हवे असतील फक्त एक-दोन लिनक्स प्रोग्रॅम, तर व्हर्च्युअलबॉक्सचा घाट कशाला? डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) लिनक्सच्या खिडक्या थेट विंडोजच्या टास्कबारमध्ये येतात.

१५. खिडकी ओढली की फाटत-फाटत येते. खाली हिरवं कासव दिसतं.

कासव दिसणं म्हणजे विंडोजचा स्वतःचा व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग, हायपर-व्ही, आधीच प्रोसेसरवर बसला आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यामार्फत चालतो आहे. वेग पडतो. 'विंडोज सिक्युरिटी', 'कोअर आयसोलेशन' यातली 'मेमरी इंटिग्रिटी', तसंच 'विंडोज फीचर्स'मधले हायपर-व्ही आणि 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' बंद केल्यावर बहुधा ते जातं. पण प्रश्न १४ मधला डब्ल्यूएसएल वापरत असाल तर त्यालाच हे लागतं, आणि मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण आहे. बँकेचे व्यवहार त्याच संगणकावर होत असतील तर मी कासव राहू देईन. पेजमेकरला तेवढा वेग पुरतो.

१६. व्हीएमवेअरमध्ये युनिटी सापडत नाही.

गेस्ट लिनक्स असेल तर शोधणं सोडा, वर्कस्टेशनमधून त्यासाठीचा युनिटीचा आधार कधीच काढला आहे. विंडोज गेस्ट असेल तर प्रश्न ३ चंच तत्त्व, ॲडिशन्सच्या जागी व्हीएमवेअर टूल्स. शिवाय गेस्टमध्ये लॉगिन झालेलं हवं. एक्सपीवर आजची टूल्स बसत नाहीत, व्हिस्टाच्या आधीच्या विंडोजसाठी जुना वेगळा संच येतो तोच घ्या.

युनिटी चालली तर व्हर्च्युअलबॉक्सपेक्षा सुबक. प्रत्येक खिडकी खरोखर वेगळी येते, टास्कबारमध्ये तिचं वेगळं बटण असतं, म्हणजे प्रश्न १३ ची कटकट नाही. वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यासाठीही मोफत आहे, त्यामुळे पैशाचं कारण आता उरलेलं नाही.

१७. नवा एम-सिरीजचा मॅक घेतला. पॅरलल्सच्या कोहेरन्समध्ये एक्सपी चालेल?

नाही. एक्सपी इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी आहे आणि या मॅकचा प्रोसेसर एआरएम आहे. पॅरलल्समध्ये एआरएमची विंडोज ११ चालते, कोहेरन्सही छान चालतो आणि बरेच जुने प्रोग्रॅम ती विंडोज भाषांतर करून चालवते. ड्रायव्हर मात्र भाषांतरित होत नाहीत. डोंगलवालं (यूएसबीला किल्लीसारखी खोचायची वस्तू लागणारं) सॉफ्टवेअर असेल तर मॅक घेण्याआधी विचारा, नंतर नको.

१८. सीमलेसमध्ये गेलं की डोंगल सापडत नाही म्हणतं.

याचा डिस्प्लेशी संबंध नाही. साध्या खिडकीतही तपासा, तिथेही सापडणार नाही. 'सेटिंग्ज', 'यूएसबी' इथे त्या डोंगलचा फिल्टर जोडा म्हणजे मशीन सुरू झाल्यावर तो आपोआप गेस्टला मिळेल. व्हर्च्युअलबॉक्स ७.० च्या आधीच्या आवृत्त्यांत यूएसबी २ आणि ३ साठी एक्स्टेन्शन पॅक लागायचा. तो घरगुती वापरासाठी मोफत आहे, धंद्यासाठी नाही.

१९. विंडोज ७ मध्ये 'एक्सपी मोड' होता, काही करावं लागत नसे. तो आता मिळेल का?

एक्सपी मोड म्हणजे विंडोज ७ च्या आत चालणारी तयार एक्सपी. तो विंडोज ७ च्या प्रोफेशनल आणि वरच्या आवृत्त्यांबरोबर मिळायचा आणि त्याचं लायसन्सही त्यांनाच बांधलेलं होतं. विंडोज ८ पासून तो गेला.

यालाच जोडून: एक्सपीमध्ये नेट चालू ठेवू नका. तिची सुरक्षा अपडेट्स ८ एप्रिल २०१४ ला थांबली. सीमलेसमध्ये एक्सपीतलं इंटरनेट एक्सप्लोरर होस्टच्या ब्राउझरशेजारीच दिसतं आणि माणूस गफलतीने तिथेच जीएसटीचं पोर्टल उघडायला जातो. ते उघडत नाही, कारण आजच्या साइटना लागणारं टीएलएस १.२ (सुरक्षित जोडणीची पद्धत) त्या ब्राउझरला येत नाही. 'सेटिंग्ज', 'नेटवर्क'मधून अडॅप्टरच काढून टाका. शेअर्ड फोल्डर आणि क्लिपबोर्ड त्याशिवायही चालतात.

२०. हे सगळं करूनही सीमलेस धड चालत नाही. दुसरा काही मार्ग?

आहे, आणि बऱ्याच दुकानांत मी तोच सुचवतो. दुसरा मॉनिटर असेल तर होस्ट की आणि एफ दाबून गेस्ट आख्खा त्यावर पूर्ण पडदा ठेवा. एकच मॉनिटर असेल तर साधी खिडकी, ऑटो-रिसाइझ चालू. ॲडिशन्सच नसतील, विंडोज ९८ सारखं, तर होस्ट की आणि सी दाबून स्केल्ड मोड घ्या. त्यात चित्र ताणून खिडकीत बसवलं जातं, गेस्टला काही कळावं लागत नाही.

एकच प्रोग्रॅम दिवसभर उघडा असेल तर सीमलेसचा फायदा फारसा नाही. दोन जगांत सारखी ये-जा असेल, डावीकडे जुना हिशेब नि उजवीकडे नवं एक्सेल, तिथे तो कामाला येतो.

२१. लाइट गेली, संगणक बंद पडला. आता मशीन सुरू केली की आपोआप सीमलेसमध्ये जाते आणि पडदा काळा.

मशीन शेवटचा मोड लक्षात ठेवते, म्हणून ती पुन्हा तिथेच जाते. अर्धवट बंद झालेली विंडोज मात्र डिस्क तपासत किंवा "सेफ मोड हवा का" विचारत थांबलेली असते आणि ते तुम्हाला दिसत नाही. प्रश्न ८ प्रमाणे साध्या खिडकीत या, विंडोज काय विचारतेय त्याचं उत्तर द्या, तपासणी पूर्ण होऊ द्या. सेफ मोडमध्ये ॲडिशन्सचा डिस्प्ले ड्रायव्हर चालत नाही, तेव्हा तिथे सीमलेस फिकट दिसला तर घाबरू नका, नेहमीसारखं रीस्टार्ट केल्यावर परत प्रश्न ३ मधली चाचणी करा. यूपीएस नसेल तर जेवायला उठताना 'सेव्ह स्टेट' करून उठा.